भट्टीचा हातपंखा: दोघांनी मिळून करायच्या लोहारकामासाठी घ्यावा का?

दांडा फिरवला की आतलं पातं गरगरतं आणि तोंडातून हवेचा झोत येतो. भट्टीच्या हातपंख्याचं काम एवढंच. हार्डवेअरवाल्याला सांगून ठेवलं तर तो मागवून देतो, ऑनलाइनही मिळतो. बहुतेकांवर बनवणाऱ्याचं नाव नसतं, आणि असलं तरी पुढच्या खेपेला त्याच नावाखाली वेगळाच माल येतो. म्हणून इथे कुठल्या छापाची शिफारस नाही. हा प्रकार घ्यावा का, दुकानात काय बघून घ्यावा आणि त्याच्याभोवती ऐरण, हातोडे, सांडशी, कोळसा असा जो संच जमवावा लागतो त्यात पैसे कुठे घालावेत नि कुठे मुळीच घालू नयेत, ते सांगतो.

निकाल आधीच सांगून टाकू: पंखा घ्या, विजेचा नको, हाताचाच घ्या. विजेची बचत हे त्याचं कारण धरू नका, ती किरकोळ आहे. हातपंख्याला माणूस लागतो, आणि हा छंद वर्षानुवर्षं टिकवायचा तर भट्टीपाशी दुसरा माणूस असावाच. गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या हे काम च्यारी घराण्यांकडे. जुन्या लोहारसाळेत एक जण भात्यावर, एक ऐरणीवर, आणि घणाचं काम निघालं तर तिसरा. भात्यावर बसणारा बहुधा घरातलाच. लोखंड कुठल्या रंगावर बाहेर निघतं, किती घाव सोसतं, परत आगीत कधी जातं, हे त्याला हातोडा न उचलता समजत जायचं. विजेच्या पंख्याने शिकाऊ माणसाची ती जागाच काढून टाकली.

दुकानात काय बघायचं

सगळ्यात आधी गिअर. पात्यावर खडूने खूण करा आणि दांडा अगदी सावकाश एक फेरा फिरवून पात्याचे किती होतात ते मोजा. पंचवीस-तीसच्या आसपास भरले तर मिनिटाला तीस-चाळीस फेऱ्यांत, म्हणजे गप्पा मारत मारत, छोट्या भट्टीला हवा पुरते. दहा-बारा भरले तर तो सिगडीचा पंखा, कणसं भाजायला चांगला. मग दांडा जरा जोरात फिरवून सोडून द्या. निदान अर्धा-पाऊण फेरा तो आपसूक फिरायला हवा. सोडताक्षणी थबकला तर बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी, आवळलेला आहे किंवा पातं पंख्याच्या पत्र्याच्या कवचाला घासतंय. शाफ्ट धरून वरखाली हलवा. किंचित खेळ चालतो, टकटक ऐकू आली तर दुसरा डबा उघडायला सांगा. दुकानदार तोंड वाकडं करील, करू द्या.

पातं शाफ्टवर एका बारक्या स्क्रूने धरलेलं असतं. हा स्क्रू पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत सैल होतो, पातं सरकतं आणि पत्र्याला घासून खर्रखर्र सुरू होते. लोक यालाच ‘पंखा बिघडला’ म्हणतात. शाफ्टवर स्क्रू टेकतो त्या जागी कानशीने नखाएवढा सपाट भाग करा आणि स्क्रू त्यावर आवळा, तक्रार संपली.

गिअरपेटी बहुतेकदा कोरडीच येते. आत ९० नंबरचं गिअर ऑइल घाला. ते गळेल. या पंख्यांना धड सील नसतंच, त्यामुळे गळणं हा दोष धरू नका, खाली एक पत्र्याचं झाकण ठेवा आणि दर बैठकीआधी थोडं तेल सोडा. गळू नये म्हणून घट्ट ग्रीस ठासणारे पुष्कळ असतात. दात ग्रीसमध्ये एक चर पाडतात, ग्रीस बाजूला उभं राहतं आणि दात कोरडेच घासत फिरतात. दोन पावसाळ्यांत दात गेले की सुटा गिअर मिळत नाही, नवा पंखाच आणावा लागतो. या मालाची खरी उणीव ही, आणि तिला तेलाच्या बुधलीखेरीज उपाय नाही.

पाय आखूड असतात, दांडा खाली येताना जमिनीला लागतो. पंखा फळीच्या किंवा टेबलाच्या कडेवर बोल्टने पक्का करा, दांड्याचा आस बसलेल्या माणसाच्या छातीच्या जरा खाली येईल असा. उंचीवर दांडा आला तर दहा मिनिटांत खांदा भरून येतो आणि मग पंखा फिरवायला कोणी मिळत नाही. मोरजी, कोलवा अशा किनाऱ्याच्या गावांत पंख्याचं पत्र्याचं कवच खारट हवा लवकर खाते. काम झालं की तेलाचा बोळा फिरवा आणि तोंडात चिंधी कोंबून ठेवा. कुंभारमाशी तोटीत मातीचं घर बांधते, मग हवा का येत नाही ते लवकर ध्यानात येत नाही.

पंखा आणि भट्टी यांच्यातला नळ हा आणखी एक मुद्दा. पंख्याचं तोंड साधारण दोन इंची असतं, भट्टीतली तोटी मात्र आतून २० ते २५ मिमी पुरे. मधला नळ कायमचा जखडू नका. हवा थांबली की धुमसणाऱ्या कोळशाचा वायू उलट नळात शिरतो, आणि कोणीतरी पुन्हा दांडा फिरवला की तो फट्दिशी पेटतो. दगडी कोळशावर ही भीती जास्त, लोणारी म्हणजे लाकडाच्या कोळशावर कमी, पण आहेच. बोटभर फट ठेवून पंख्याचं तोंड नळासमोर नुसतं धरलं तरी हवा पुरेशी जाते आणि वायूला बाहेर पडायला वाट राहते.

आता विजेच्या पंख्याविषयी. पाचशे-सहाशे वॉटचे हातात धरायचे धूळ उडवणारे पंखे सगळीकडे मिळतात आणि इंटरनेटवर त्यांच्याच भट्ट्या दिसतात. त्यांची हवा या कामाला कितीतरी जास्त. जादा हवा म्हणजे जादा उष्णता असं वाटतं, पण छोट्या आगीत जादा प्राणवायू जळायचा राहून लोखंडाला लागतो आणि त्याची कीट, म्हणजे वरची काळी खपली, जाड होते. हलका कोळसा तर वर उडतो. झडप बसवून हवा कमी करता येते, तरी एक गोष्ट उरतेच: तुम्ही ऐरणीवर असता तेव्हाही तो फुंकत राहतो आणि कोळसा फुकट खातो. हातपंखा माणसाबरोबर थांबतो. शिवाय पावसाळ्यात गोव्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि अर्ध्या तापावर सोडलेलं काम पुन्हा पहिल्यापासून तापवावं लागतं.

आगटी आणि कोळसा

भट्टीसाठी ट्रकचा ब्रेक ड्रम शोधत फिरायची गरज नाही. चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडांची, तीन बाजूंची पेटी, आत मातीचा लेप आणि बाजूने आत शिरणारी तोटी, एवढ्यावर जन्मभर काम होतं. मात्र चिरा उघडा ठेवू नका. तो पाणी धरून ठेवतो, ओला चिरा एकदम तापला की त्याचे पापुद्रे उडतात, कधी फुटतोही. आतून किमान तीन बोटं जाड लेप द्या: तीन भाग चिकण माती, दोन भाग चाळलेली रेती, एक भाग राख. वारुळाची माती भट्टीला चांगली असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. गोव्यात रोयण, म्हणजे वारूळ, सातेरी देवी म्हणून पुजतात, तेव्हा तिच्यावर कुदळ घालायची भाषा नको. डिचोलीकडे अजून कुंभार आहेत, त्यांची माती आणा. लेप चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या, मग काटक्यांचा बारीक जाळ करा, पडलेल्या भेगा त्याच मातीने बुजवा आणि त्यानंतरच कोळसा.

तोटीला काळा जाड पाइप घ्या, पांढरा जस्ताचा मुळीच नको. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि भट्टी त्याच्या कितीतरी वर जाते. तो पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. हाच नियम भंगारातून आणलेल्या प्रत्येक तुकड्याला लावा: चंदेरी, खवलेदार दिसलं तर भट्टीत नाही. पाइपचं टोक मातीने लिंपून ठेवा, नाहीतर ते झिजत झिजत मागे सरकतं आणि आगीचं काळीजही मागे जातं. आगीचं काळीज म्हणजे तोटीच्या पुढे दोन-तीन इंच आणि जरा वर. लोखंड तिथे आडवं ठेवायचं, तोटीच्या तोंडावर कधीच नाही. तोंडावर हवा ताजी असते, त्यामुळे लोखंड तापण्याआधी जळतं. खाली दोन-तीन इंच निखारा, वर तेवढंच झाकण, असा थर कायम हवा.

कोळशात गोवेकरांची चंगळ आहे. करवंटीचा कोळसा घट्ट, कमी राखेचा आणि चांगला तापणारा. पण तो पेट घ्यायला आळशी, आणि हवा थांबली की लवकर मंदावतो. त्यामुळे सुरुवात लाकडाच्या कोळशाने करा आणि आग बसली की दोन भाग करवंटी, एक भाग लाकूड असं चालवा. तुकडे सुपारीएवढे ते लिंबाएवढे. मोठे राहिले तर मध्ये पोकळी पडते, चुरा झाला तर हवा अडते. कच्च्या करवंट्या थेट टाकल्या तर डांबरासारखा चिकट धूर निघतो आणि शेजारचं घर तुमच्याशी बोलायचं थांबतं. करवंट्या झाकणाच्या पिंपात कोंडून आधी जाळून घ्याव्या लागतात. दगडी कोळसा जास्त वेळ पुरतो, पण त्याचा खंगर, म्हणजे वितळून घट्ट झालेली राख, तळाशी साचून तोटी बुजवतो, दर तासाला तो आकड्याने उपसावा लागतो. घराशेजारी, पोराबाळांबरोबर करायचं तर दगडी कोळशाच्या नादी लागू नका.

हातपंखा समजून फिरवला तर छोट्या आगीला तासाला दोन किलोच्या आत-बाहेर कोळसा लागतो. साठवण पत्र्याच्या पिंपात, झाकण लावून. साधारण ३००० मिमी पाऊस पडणाऱ्या मुलखात उघडं पोतं म्हणजे ओला कोळसा, आणि ओला कोळसा फटाफट फुटून ठिणग्या उडवतो. भट्टी कौलांखाली चालेल, झावळ्यांच्या मांडवाखाली नाही. दोन बाजू मोकळ्या हव्यात, नाहीतर कोळशातून निघणारा, वास नसलेला वायू डोकं जड करतो. काजूच्या हंगामात, सुकं गवत उभं असताना, भट्टीच्या चहूबाजूंनी झाडून घ्या आणि पाण्याची बादली भरलेली ठेवा.

ऐरण: पैसे वाचवायची जागा

नव्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे जातात ऐरणीवर, आणि बहुतेक वाया जातात. शिंगाची, रंग दिलेली, दिसायला झकास ऐरण अनेकदा बिडाची ओतलेली असते. घाव घातला की थप्प असा मेलेला आवाज, आणि कडेवर चुकून मारलं तर कडेचा टवका उडतो. परीक्षा सोपी: इंचभर व्यासाची बेअरिंगची गोळी दहा इंचांवरून सोडा. चांगल्या पोलादी तोंडावरून ती सात इंच किंवा जास्त उसळते, बिडावर तीनच्या आसपास मरते. उसळी कमी म्हणजे तुमच्या घावाची ताकद लोखंडात जाण्याऐवजी ऐरणीत जिरते आणि संध्याकाळी मनगट बोलतं.

तिच्या किमतीच्या एका अंशात रेल्वेच्या रुळाचा तुकडा येतो आणि काम जास्त चांगलं करतो. कोणी ‘आणून देतो’ म्हणालं तर मात्र घेऊ नका. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्यासाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तो घेणाऱ्यालाही धरतो. लिलावाचा कागद असलेल्या भंगारवाल्याकडूनच, पावतीसह घ्या. ६० किलोच्या (म्हणजे मीटरला ६० किलो भरणाऱ्या) रुळाचा एक फूट साधारण १८ किलो भरतो, ५२ किलोच्या रुळाचा १६ किलोच्या आसपास.

हा तुकडा आडवा ठेवू नका. इंटरनेटवर सगळीकडे आडवाच दिसतो, कारण तसा तो ऐरणीसारखा दिसतो. आडव्या रुळात डोक्याखाली पातळ पाठ असते, ती प्रत्येक घावाला झणझणते आणि घाव खाते. उभा ठेवा. मग घावाखाली फूटभर सलग पोलादाचा खांब येतो. तोंड लहान दिसतं, डोक्याची रुंदी ७० मिमीच्या आसपास, पण हातोड्याचं तोंड तरी कुठे मोठं असतं? वरचं टोक घासून सपाट करा, एका कडेला बोटाएवढी गोलाई द्या आणि समोरची कड जवळजवळ काटकोनी राहू द्या. गोल कड वाकवायला, काटकोनी कड पायरी पाडायला.

बसवायला फणसाचा किंवा किंदळीचा ओंडका, रेषा उभ्या. आंब्याचा ओंडका पावसाळ्यात कुजतो, माडाच्या बुंध्याचा गाभा मऊ पडून रूळ हळूहळू खाली बसतो. उंची अशी की उभं राहून हात खाली सोडला की मुठीची हाडं ऐरणीच्या तोंडाला टेकावीत. दोन माणसं वेगवेगळ्या उंचीची असतील तर ठेंगण्याच्या मापाने बसवा आणि उंच माणसाने पाय फाकून उभं राहावं. ठेंगण्याला पाटावर चढवू नका, पाट सरकतो.

हातोडे आणि सांडशी

हातोडा ८०० ग्रॅम ते १ किलो, एक बाजू सपाट, एक बाजू आडवी चोच. दोन किलोचा हातोडा उचलणाऱ्याचा उत्साह पंधरा मिनिटं टिकतो, कोपर पंधरा दिवस दुखतं. बाजारातल्या हातोड्याच्या तोंडाची कड धारदार असते, ती तशीच वापरली तर लोखंडावर चंद्रकोरी उमटतात आणि पुढे त्याच जागी भेग जाते. कड गोल घासा, तोंडाला अगदी थोडा फुगवटा द्या. दांड्यावरचं चकचकीत वॉर्निश खरवडून काढा, त्यानेच तळहाताला फोड येतात. दांडा सैल झाला की पाण्यात बुडवून ठेवायची सवय सोडून द्या. भिजून फुगतो, सुकला की आधीपेक्षा सैल होतो. पाचर मारा.

सांडशीची घाई करू नका. बाजारातली सांडशी जवळजवळ हमखास तुमच्या सळईला बसत नाही: तोंड मागे आवळतं, पुढे उघडं राहतं, आणि तापलेला तुकडा माशासारखा सुटतो. बसवायचा मार्ग असा की जबडा लाल तापवायचा, तोंडात हवी ती सळई धरायची आणि हातोड्याने जबडा तिच्यावर बसवायचा. मागचे दांडे तेव्हा अगदी मिटू देऊ नका, मध्ये बोटभर लाकूड ठेवा, नाहीतर पुढे पकडायला जोरच राहत नाही. पण पहिले दोन-तीन महिने सांडशीशिवायच काम करा. दोन फूट लांब सळईचं एक टोक तापवलं तर दुसरं हातात धरता येतं.

अंगावर सुती कपडे, पायात चामड्याचे बूट, डोळ्यांवर चष्मा. टेरिकॉटची ठिणगीशी ओळख करून देऊ नका. आणि काळं दिसणारं लोखंड थंड समजू नका, लाली गेल्यानंतरही ते पाचशे अंशांच्या घरात असू शकतं. उचलण्याआधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. दुपारी एक ते चार घाव घालू नका. याला भट्टीचं काही कारण नाही, गोव्यात शेजारी झोपलेले असतात.

एक आकडा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

संच पारखायचा तर आकाशकंदील टांगायचा आकडा करून बघावा. मऊ लोखंडाची ८ मिमी चौरस सळई घ्या, मीटरला अर्धा किलो भरते. २५० मिमीवर खडूने खूण, पण तोडू नका. पुढचे दोन इंच आगीच्या काळजात ठेवा. पंखेवाल्याने आधी सावकाश, निखारा एकसारखा उजळला की जरा जोरात, आणि लोखंड लालाचं नारिंगी होऊ लागलं की पुन्हा सावकाश फिरवायचं. हा उतार महत्त्वाचा. सगळा वेळ जोरात फिरवलं तर कड पिवळी होते नि गाभा लालच राहतो. रंग सावलीत बघायचा, उन्हात नारिंगीसुद्धा काळपट दिसतं.

ठिणग्यांचा गोंधळ सुरुवातीला सगळ्यांचा होतो. कोळशाची ठिणगी तांबूस असते, सरळ वर जाते आणि विझते. लोखंडाची पांढरी, फुलबाजीसारखी फाटे फुटणारी. ती दिसली की लोखंड जळतंय. पंखेवाल्याने त्याच क्षणी हात थांबवून ‘काढ’ म्हणायचं, हातोडेवाल्याची वाट बघायची नाही. जळलेलं टोक परत सुधारत नाही, छाटूनच टाकावं लागतं.

नारिंगी-पिवळ्यावर बाहेर काढा, ऐरणीच्या पलीकडच्या कडेवर टोक ठेवा, सळई मागून जरा उचला, हातोडाही तेवढाच तिरपा. घाव आधी टोकावर. टोक निमुळतं झालं की मग मागे सरकत ६० मिमीपर्यंत. उलट केलं, म्हणजे मागून सुरुवात करून टोकाकडे आलात, तर वरची कातडी पुढे पळते, गाभा मागे राहतो आणि टोकाला माशाचं तोंड पडतं. तसं पडलं तर घडी घालून ठोकत बसू नका, ती आतून उघडीच राहते. छाटा.

दोन-तीन घाव, पाव वळण, दोन-तीन घाव, परत मूळ जागी. सळई एकाच दिशेने गोल गोल फिरवत नेली तर चौकोन कलतो आणि शंकरपाळी होते. कलला तर लांब कोन उभे करून त्यांच्यावर हलके घाव द्या. गोल टोक हवं असलं तरी आधी चौकोन, मग कोन दाबून अष्टकोन, मग गोल. थेट गोल ठोकलं की मधोमध भेग जाते. लाल मंद पडला की थांबा. मंद लालावर ठोकून आकार बदलत नाही, फक्त हात आणि कड बिघडते. सराव नसताना या निमुळत्या टोकाला सहा-सात ताप, म्हणजे तितक्यांदा आगीत घालणं, लागतात, सरावाने तीन.

वाकवण्याआधी हिशोब करा: आतला व्यास अधिक सळईची जाडी, गुणिले ३.१४. आतून ३० मिमीचं पूर्ण कडं हवं तर ३८ गुणिले ३.१४, म्हणजे ११९ मिमी. आकड्याला अर्धंच वळण, म्हणजे ६० मिमी. तेवढं कडेबाहेर काढून गोल कडेवर वाकवायचं, पण घाव वरून चिरडणारा नको, बाहेरून ढकलणारा हवा. पीळ द्यायचा असेल तर मधले तीन इंच एकसारखे तापवा, एक बाजू व्हाइसमध्ये, दुसरीकडे पाना, आणि एकाच ओघात एक पूर्ण फेरा. जिथे जास्त तापलं असेल तिथे पीळ जवळ पडतो. मऊ लोखंड असल्यामुळे त्या जागी पाण्याची धार सोडून थांबवता येतं. मग खुणेवर गरम छिन्नीने तोड, खाली मऊ लोखंडाची पट्टी ठेवून, रुळाच्या तोंडावर छिन्नी उतरवायची नाही.

शेवटचा हात तेलाचा. तारेच्या ब्रशने कीट काढून, लाली पूर्ण गेल्यावर, तेल लावताच धूर निघेल पण पेट घेणार नाही इतक्या तापावर जवसाचं तेल किंवा मधमाशीचं मेण. घरात खोबरेल असतं म्हणून तेच लावायचा मोह होतो. ते सुकत नाही, चिकट राहतं, धूळ धरतं आणि दिवाळी ते शिमगा एवढ्यात खाली गंज दिसतो. जवस सुकून कातडी धरतो.

पाच तापांनी जागा बदला. पंख्यावरून उठलेल्या माणसाचा पहिला घाव, थेट हातोड्याने सुरुवात करणाऱ्यापेक्षा सरळ पडतो, कारण रंग त्याला आधीच ओळखीचा असतो.

आणि कोयता?

सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात कोयता करायचा असतो. पोलाद मिळणं अवघड नाही. डिचोली, साखळी, कुडचडेकडच्या भंगारात टिपरचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, पडलेले असतात. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ लीज रद्द झाली, आणि ज्या मुलखातून जहाजं भरभरून लोहखनिज गेलं तिथे शिकाऊ लोहाराच्या वाट्याला गाड्यांचे पाटे आले. पाटा बहुधा ईएन-४५ जातीचा, अर्ध्या टक्क्याच्या वर कार्बन आणि दीड-दोन टक्के सिलिकॉन असलेला. तो मऊ लोखंडासारखा पिवळ्यापर्यंत नेऊ नका, नारिंगी ही हद्द. मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग टाकून द्या, वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी तिथे केसाएवढ्या भेगा असतात, त्या तापवल्यावरच दिसतात.

खरी मेख पाणी देण्यात, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करण्यात. नाव पाण्याचं असलं तरी या पोलादाला पाणी चालत नाही, पातळ धार चर्र आवाजासरशी चिरते. चार-पाच लिटर शेंगदाणा तेल, हाताला गरम लागेल इतकं तापवलेलं, झाकणाच्या लोखंडी भांड्यात. प्लास्टिकची बादली नको, गाडीचं जळकं तेल तर नकोच. पातं चुंबकाला चिकटायचं थांबलं की त्याहून थोडं उजळ करून उभं तेलात बुडवा, आडवं नाही, आडवं बुडवलं की वाकतं. जाळ उसळेल, झाकण हाताशी हवं. मग लगेच उतरवणं, म्हणजे जादा कडकपणा कमी करणं: घासून पांढरं केलेलं पातं मागच्या बाजूने सावकाश तापवायचं, पिवळसर, तपकिरी, जांभळा असे रंग धारेकडे सरकतात, आणि धारेला जांभळा-निळा, म्हणजे २८० ते ३०० अंश, पोचला की थांबायचं. नारळ सोलायच्या, फांद्या तोडायच्या कोयत्याला हे बरोबर. पिवळ्यावर थांबलात तर धार कडक राहते आणि गाठीवर टवका उडतो.

पन्नासेक आकडे होईपर्यंत कोयता विकतच घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा पावसाआधी मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्तात, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या जत्रेत, कोयते मिळतात. विक्रेत्याला विचारून, खिशातली बारीक कानस धारेवर हलकेच ओढून बघा. मुळीच न चावता सुळकन घसरली तर पाणी फार कडक, किंचित चावली तर बरोबर, आणि लोण्यात शिरावी तशी शिरली तर तो खाली ठेवून शेजारचा उचला.